रिस्क-फाइव्ह कर्नलचा बूट एंट्री कोड सुटसुटीत कसा करायचा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

छोट्या कर्नलची एंट्री फाइल, म्हणजे बूट होताना कर्नलचा सर्वांत आधी चालणारा असेंब्ली कोड, हळूहळू फुगत जाते. सुरुवातीला स्टॅक लावून सी फंक्शनवर उडी मारणाऱ्या पाच-सहा ओळी असतात. मग कुणी युआर्टची (सिरियल पोर्टची) जुळणी तिथेच करतं, कुणी टायमर लावतं, कुणी पेज टेबल भरतं, आणि शेवटी असेंब्लीचा असा ढीग तयार होतो की त्याला हात लावायला कुणी धजत नाही. साफसफाईला घेतलं की सगळं एका फटक्यात उचलून सी मध्ये नेलं जातं, क्यूएमू या एम्युलेटरवर कर्नल व्यवस्थित चालतो, आणि बोर्डावर टाकल्यावर एक अक्षरही उमटत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ओळी हलवल्या जातात, पण त्या ज्या क्रमाने होत्या तो क्रम कशासाठी होता हे पाहिलेलं नसतं. म्हणून इथे प्रत्येक पायरीनंतर काय तपासायचं यावर जास्त भर दिला आहे. उदाहरणासाठी ६४-बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, क्यूएमूचं व्हर्ट हे आभासी मशीन आणि जीएनयू टूलचेन घेतली आहे.

कसोटी एकच ठेवा: जे झाल्याशिवाय कंपायलरने बनवलेला सी कोड बरोबर चालूच शकत नाही, तेवढंच असेंब्लीत राहील. सी कंपायलर काही गोष्टी न विचारता गृहीत धरतो. एसपी रजिस्टर चालू स्टॅककडे बोट दाखवतं आणि १६ बाइटच्या सीमेवर आहे, जीपी रजिस्टर (जागतिक चलांचे पत्ते मोजायचा आधार) भरलेलं आहे, डेटा विभागात सुरुवातीची मूल्यं आहेत, बीएसएस विभाग (शून्यापासून सुरू होणाऱ्या चलांची जागा) शून्य आहे. बाकी सगळं थांबू शकतं.

## तयारी

कर्नल कोणत्या मोडमध्ये जागा होतो ते आधी नक्की करा. क्यूएमूला बायोसच्या पर्यायात नन दिलं, तर हेक्स १००० या पत्त्यावरचा छोटा रॉम कोड ए-शून्य रजिस्टरमध्ये हार्टचा (स्वतंत्रपणे सूचना चालवणाऱ्या हार्डवेअर थ्रेडचा) क्रमांक, ए-एकमध्ये डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरच्या वर्णनाचा) पत्ता ठेवतो आणि हेक्स ८००००००० वर उडी मारतो. मोड मशीन, म्हणजे सर्वाधिक अधिकारांचा, असतो, आणि जितके हार्ट मागितले असतील तितके सगळे एकाच वेळी तिथे पोहोचतात. मधे ओपनएसबीआय हे फर्मवेअर असेल तर कर्नल सहसा हेक्स ८०२००००० वर, त्याखालच्या सुपरवायझर मोडमध्ये, एकाच हार्टवर सुरू होतो. ए-शून्य आणि ए-एकचा करार मात्र दोन्हीकडे तोच. एंट्री कोडचा पाऊण भाग या उत्तरावर अवलंबून आहे. दोन्ही परिस्थिती एकाच फाइलमध्ये अटी घालून सांभाळायचा मोह टाळा, दोन वेगळ्या छोट्या फाइल वाचायला आणि तपासायला कितीतरी सोप्या पडतात.

जुन्या फाइलची यादी करा. प्रत्येक चार-पाच ओळींच्या गटासमोर तीन गोष्टी लिहा: हा गट काय करतो, त्याचा परिणाम कुणाला लागतो, आणि तो सी च्या आधी का हवा. तिसऱ्या रकान्यात ठोस उत्तर सुचलं नाही, तर तो गट बाहेर जाणार. हे काम कागदावर करा. एडिटर उघडून थेट कापाकापी सुरू केली की तिसरा रकाना नेहमीच राहून जातो.

डिबगरची वाट तयार ठेवा. क्यूएमू थांबलेल्या स्थितीत सुरू करून जीडीबी पोर्ट १२३४ वर जोडा. पहिल्या सूचनेवर ब्रेकपॉइंट लावताना नावाआधी तारांकन द्या. नुसतं नाव दिलं तर जीडीबी त्याला फंक्शन समजून प्रस्तावनेच्या पुढे सरकू शकतो, आणि तुम्हाला जी ओळ पाहायची आहे तीच निसटते.

मेमरी मुद्दाम घाण करायची सोय करा. हा सर्वांत जास्त वगळला जाणारा भाग आहे. क्यूएमूमधली रॅम सुरुवातीला शून्य असते, त्यामुळे बीएसएस साफ करायला विसरलात तरी तिथे काहीच बिघडत नाही. बोर्डावरच्या रॅममध्ये मात्र वीज आल्यावर काहीही असू शकतं. एमआयटीचा शिकवणीसाठीचा एक्सव्ही६ कर्नल बीएसएस स्वतः शून्य करतच नाही, कारण त्याला क्यूएमूवरच चालायचं आहे. तिथून एंट्री कोड उचलून आपल्या बोर्डावर नेणाऱ्यांची इथेच फसगत होते. उपाय सोपा आहे: विचित्र बाइट भरलेली एक फाइल बनवा, कर्नल पहिल्या सूचनेवर थांबलेला असताना जीडीबीच्या रिस्टोअर आदेशाने ती बीएसएस आणि स्टॅकच्या जागेवर ओता, आणि मग पुढे चालवा.

> तपासा: जुना, न बदललेला कर्नल घाण केलेल्या मेमरीवर चालतो का? नसेल, तर आधी तो दोष दुरुस्त करा. मोडक्या पायावर साफसफाई सुरू केली तर कोणता बिघाड जुना आणि कोणता नवा हे कळणार नाही.

## पायरी १: लिंकर स्क्रिप्ट आधी नीट करा

एंट्री कोड सोपा होतो तो मुख्यतः लिंकर स्क्रिप्टमुळे, म्हणजे कोणता विभाग मेमरीत कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमुळे. असेंब्लीतल्या निम्म्या कसरती स्क्रिप्टमधल्या ढिलाईची भरपाई असतात.

पहिली गोष्ट, एंट्रीचा कोड स्वतःच्या विभागात ठेवा आणि टेक्स्ट विभागात सर्वांत वर घ्या. स्क्रिप्टमधल्या एंट्री या निर्देशामुळे तो कोड पुढे येत नाही. तो निर्देश फक्त ईएलएफच्या (लिंकरने बनवलेल्या फाइलच्या) मथळ्यात पत्ता लिहितो. ऑब्जकॉपी या साधनाने सपाट बायनरी केली की तो मथळाच जातो, आणि उडी मारणारा रॉम कोड हेक्स ८००००००० वर जे असेल ते चालवतो. वापरात नसलेले विभाग गाळण्याचा पर्याय चालू असेल, तर एंट्रीच्या विभागाला कीपचं वेष्टण द्या.

दुसरी गोष्ट, बीएसएसच्या सीमा. रिस्क-फाइव्हवर जीसीसी आठ बाइट किंवा त्याहून लहान जागतिक चल एसबीएसएस नावाच्या वेगळ्या विभागात टाकतो. म्हणजे मोजणीचे काउंटर, झेंडे, पॉइंटर, नेमकं जे शून्यापासून सुरू व्हायलाच हवं ते. जुन्या आर्म स्क्रिप्टवरून नक्कल केली असेल तर तिथे एसबीएसएसचं नावच नसतं. मग लिंकर तो विभाग अनाथ समजून त्याला जमेल तिथे बसवतो, आणि तुमची शून्य करणारी लूप त्याला स्पर्शही करत नाही. बीएसएसची सुरुवात एसबीएसएसच्या आधी आणि शेवट कॉमन विभागाच्या नंतर ठेवा, दोन्ही टोकं आठ बाइटवर जुळवा. अनाथ विभाग आढळला तर लिंकरने थांबायलाच हवं, त्यासाठीचा ऑर्फन-हँडलिंग पर्याय एररवर ठेवा. एकदा लावला की वर्षभर उपयोगी पडतो.

तिसरी, बूटचा स्टॅक. त्याला वेगळा विभाग द्या, बीएसएसच्या सीमेबाहेर, १६ बाइटवर जुळवलेला. तो बीएसएसमध्येच राहिला तर काय होतं ते चौथ्या पायरीत येईल.

चौथी, कोड मॉडेल, म्हणजे कंपायलरने पत्ते कसे काढायचे तो पर्याय. ६४-बिट कर्नल हेक्स ८००००००० वर असताना मेडलो हे मॉडेल चालत नाही, कारण त्याची पोच शून्य पत्त्याच्या आसपास दोन गिगाबाइटपर्यंतच आहे आणि हा पत्ता नेमका त्या सीमेबाहेर पडतो. लिंकर रिलोकेशन कापलं गेल्याची तक्रार करतो आणि लोक स्क्रिप्टमधले पत्ते हलवत बसतात. मेडएनी द्या, विषय संपला.

> तपासा: सिंबल पत्त्यांच्या क्रमाने छापा. सर्वांत पहिलं तुमचं एंट्रीचं नाव हवं. बीएसएसच्या दोन टोकांमधलं अंतर आणि ईएलएफमधल्या शून्य करायच्या विभागांची बेरीज जुळली पाहिजे, फरक फक्त जुळवणीच्या भरणीपुरता.

## पायरी २: जे सी मध्ये जाऊ शकतं ते हलवा, पण शेवटून

यादीतला तिसरा रकाना आता कामाला येतो. युआर्ट, टायमर, इंटरप्ट कंट्रोलर, पेज टेबल, बॅनर छापणं, मेमरी मोजणं, हे सगळं सी मध्ये जातं. हलवताना फाइलच्या शेवटाकडून सुरुवात करा. सी वर उडी मारण्याच्या अगदी आधीचा गट उचला, त्याचं सी फंक्शन करा, ते पहिल्या सी फंक्शनच्या पहिल्या ओळीत बोलवा. चालवा, कमिट करा, मग त्याच्या वरचा गट घ्या. अशाने प्रत्यक्ष चालण्याचा क्रम शेवटपर्यंत जसाच्या तसा राहतो, फक्त सी ची सीमारेषा वर सरकत जाते. मधलाच गट आधी उचलला तर तो त्याच्या खालच्या गटांच्या नंतर चालायला लागतो, आणि बिघाडाचं मूळ सापडत नाही.

मशीन मोडमधून सुपरवायझर मोडमध्ये उतरण्याचा भागही सी मध्ये जाऊ शकतो. एक्सव्ही६ तेच करतो: असेंब्लीत फक्त स्टॅक, आणि उतरण्याची सगळी तयारी स्टार्ट नावाच्या सी फंक्शनमध्ये. इथे एक जुनी चूक आहे. पीएमपी (भौतिक मेमरीचं संरक्षण) असलेल्या हार्टवर त्याची एकही नोंद केली नसेल, तर सुपरवायझर मोडला कोणतीच मेमरी दिसत नाही. खालच्या मोडमध्ये उतरवणाऱ्या एमरेट सूचनेनंतरची पहिलीच सूचना आणताना दोष येतो आणि कारण सांगणाऱ्या एमकॉज रजिस्टरमध्ये १ दिसतो. उतरण्याआधी किमान एक नोंद करून भौतिक मेमरी खुली करा.

> सावधान: असेंब्ली सी मध्ये नेताना आतली सीएसआर (नियंत्रण रजिस्टर) लिहिणारी सूचना व्होलाटाइल आणि मेमरी क्लॉबरसह लिहा. नाहीतर कंपायलर आजूबाजूचं मेमरी लिखाण तिच्या मागेपुढे सरकवू शकतो. नव्या जीएनयू टूलचेनमध्ये सीएसआर सूचना झिसीएसआर या वेगळ्या विस्तारात धरल्या जातात, म्हणून आर्किटेक्चरच्या पर्यायात तो स्पष्ट लिहा.

## पायरी ३: उरलेली एंट्री या क्रमाने लिहा

मशीन मोडसाठी माझ्या मते एंट्रीत एवढंच राहावं. क्रम बदलू नका.

१. इंटरप्ट चालू-बंद करणाऱ्या एमआयई रजिस्टरमध्ये शून्य लिहा.
२. दोष किंवा इंटरप्ट (ट्रॅप) आल्यावर कुठे जायचं ते सांगणाऱ्या एमटीव्हेकमध्ये थांबण्याच्या लूपचा पत्ता लिहा.
३. जीपी भरा, रिलॅक्सेशन बंद ठेवून.
४. हार्टचा क्रमांक सांगणारं एमहार्टआयडी वाचा. शून्य नसेल तर थांबण्याच्या लूपवर जा.
५. बीएसएसची सुरुवात आणि शेवट टी-शून्य, टी-एकमध्ये घ्या आणि मधली जागा शून्य करा.
६. एसपीमध्ये स्टॅकच्या वरच्या टोकाचा पत्ता घ्या.
७. एस-शून्यमध्ये शून्य लिहा, म्हणजे बॅकट्रेस इथे संपेल.
८. सी फंक्शनला कॉल करा.
९. कॉलच्या लगेच खाली थांबण्याची लूप: डब्ल्यूएफआय (इंटरप्टची वाट पाहणारी सूचना), आणि पुन्हा तिथेच उडी.

पहिली ओळ अनावश्यक वाटू शकते, कारण रिसेटनंतर एमस्टेटस या स्थिती रजिस्टरमधला इंटरप्टचा बिट शून्यच असतो. पण तुमच्या आधी एखादा बूटलोडर चालून गेला असेल तर त्याने काय मागे ठेवलं आहे यावर विसंबणं बरं नाही. एका सूचनेत प्रश्न मिटतो.

दुसऱ्या ओळीमुळे शोधकाम कितीतरी सोपं होतं. ट्रॅपचा पत्ता न लावता पुढे गेलात आणि तिसऱ्या-चौथ्या सूचनेवर दोष आला, तर हार्ट एमटीव्हेकमध्ये जो पत्ता असेल तिथे जातो, तिथे पुन्हा दोष, आणि मूळ कारण पुसलं जातं. लूपवर जाऊन थांबला, तर डिबगरने एमकॉज, एमईपीसी (दोष आलेल्या सूचनेचा पत्ता) आणि एमटीव्हॅल (दोषाचा जास्तीचा तपशील) वाचून नेमकी सूचना सापडते. त्या लूपचा पत्ता चार बाइटवर जुळलेला हवा, कारण एमटीव्हेकचे खालचे दोन बिट मोड सांगतात. संक्षिप्त सूचना चालू असतील तर लेबल दोन बाइटवर बसू शकतं, मग लिहिलेलं मूल्य भलताच अर्थ घेतं किंवा हार्डवेअर ते स्वीकारतच नाही. रिस्क-फाइव्हच्या असेंबलरमध्ये अलाइनचा आकडा दोनाचा घात असतो, अलाइन ४ म्हणजे १६ बाइट. गोंधळ नको असेल तर बीअलाइन वापरा, त्यात आकडा थेट बाइटचा असतो.

तिसऱ्या ओळीत बहुतेक जण अडकतात. लिंकर रिलॅक्सेशन (सूचना आखूड करणं) करताना जवळच्या चलांचे पत्ते जीपीच्या आधारे मोजायला लागतो. जीपी भरणारी सूचनाच त्याने तशी बदलली, तर ती जीपीमधलं मूल्य जीपीमध्येच टाकणारी निरर्थक सूचना बनते, आणि रजिस्टरमध्ये कचरा राहतो. म्हणून त्या एका ओळीभोवती ऑप्शन पुश, नोरिलॅक्स आणि ऑप्शन पॉप हवेतच. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे: स्थानिक चल ठीक असतात, लहान जागतिक चल वेडीवाकडी मूल्यं दाखवतात.

सहाव्या ओळीत स्टॅकचं खालचं टोक देण्याची चूक इतकी सर्रास आहे की वेगळी सांगायला हवी. स्टॅक खाली वाढतो. खालचं टोक दिलं तर पहिलंच फंक्शन स्टॅकच्या आधी जे काही ठेवलेलं असेल त्यावर लिहितं, आणि कर्नल बराच वेळ चालून मग भलत्याच ठिकाणी कोसळतो.

आणि पूर्ण फाइलभर एक नियम: ए-शून्य आणि ए-एकला हात लावायचा नाही. तात्पुरत्या कामासाठी टी मालिकेतली रजिस्टरं वापरा. असं केलं की हार्टचा क्रमांक आणि डिव्हाइस ट्रीचा पत्ता सी फंक्शनला पहिले दोन आर्ग्युमेंट म्हणून आपोआप मिळतात, त्यांना कुठेही जपून ठेवावं लागत नाही.

> तपासा: डिसअसेंब्ली उघडा आणि तिसऱ्या ओळीच्या जागी एयूआयपीसी व अ‍ॅडआय अशी जोडी दिसते का पाहा. मग जीडीबीने एक-एक सूचना पुढे जात सी च्या पहिल्या ओळीवर एसपी १६ ने निःशेष जातो का, ए-एकमध्ये अजून डिव्हाइस ट्रीचाच पत्ता आहे का, हे डोळ्यांनी बघा.

## पायरी ४: बीएसएस शून्य करणं असेंब्लीतच का ठेवायचं

अनेकांना पाचवी ओळ सी मध्ये न्यावीशी वाटते. करता येतं, पण माझं मत विरुद्ध आहे. ही सहा-सात सूचनांची लूप असेंब्लीत स्वच्छ आणि निर्धोक असते, सी मध्ये तिच्याभोवती अटींचं कुंपण घालावं लागतं.

त्या अटी बघा. ज्या फंक्शनमध्ये ही लूप आहे त्याने तिच्याआधी कोणत्याही जागतिक चलावर विसंबता कामा नये. डिव्हाइस ट्रीचा पत्ता आधी जागतिक चलात साठवला आणि मग बीएसएस शून्य केलं, तर तो पत्ताही गेला. स्टॅक बीएसएसच्या आत असेल, तर ते फंक्शन स्वतःचाच परतीचा पत्ता पुसून टाकतं. असेंब्लीत हे घडत नाही, कारण तेव्हा स्टॅकवर काहीच नसतं. शिवाय जीसीसी साधी शून्य करणारी लूप ओळखून तिच्या जागी मेमसेट या मेमरी भरणाऱ्या फंक्शनचा कॉल घालू शकतो. तुमचा मेमसेट त्याच प्रकारे लिहिलेला असेल तर त्याच्या पोटातली लूपही मेमसेटचा कॉल बनते आणि तो स्वतःलाच बोलवत राहतो. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या कोडसाठीच्या फ्रीस्टँडिंग पर्यायाने हे थांबत नाही. जीसीसी त्या स्थितीतही मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंपेअर तुमच्याकडून अपेक्षितच धरतो. मेमसेटच्या फाइलपुरतं लूपच्या आकृत्या ओळखण्याचं ऑप्टिमायझेशन बंद करा.

लूप लिहिताना तुलना आधी, लिखाण नंतर. बीएसएस रिकामं असलं तरी लूप न चालता पुढे गेली पाहिजे. तुलना चिन्हविरहित ठेवा आणि "समान नाही" ऐवजी "लहान आहे" ही अट वापरा. एकदा शेवट चुकला की "समान नाही" कधीच थांबत नाही. आठ-आठ बाइट लिहिणार असाल तर पहिल्या पायरीतली आठची जुळवणी इथे लागते, नाहीतर शेवटचं लिखाण शेजारच्या विभागात घुसतं. सी-डॅकच्या एरीज बोर्डांवर ३२-बिट वेगा कोर आहे. तिथे आठ बाइटची साठवण सूचनाच नाही, तेव्हा चार-चार बाइट लिहा.

लिंकरची नावं सी मध्ये वापरायची वेळ आली तर ती कॅरॅक्टर अ‍ॅरे म्हणून जाहीर करा. पॉइंटर म्हणून जाहीर केलंत तर कंपायलर त्या पत्त्यावरची मेमरी वाचतो आणि तिथल्या कचऱ्यालाच पत्ता समजतो.

## पायरी ५: बाकीच्या हार्टची सोय

एका हार्टवर चालणारी एंट्री चार हार्टवर बिघडते, कारण चौघेही एकच स्टॅक वापरतात आणि एकाने कामाला सुरुवात केल्यावर दुसरा बीएसएस पुसतो. म्हणूनच वरच्या यादीत हार्टची निवड पाचव्या ओळीच्या आधी आहे.

मशीन मोडमध्ये थांबलेल्या हार्टला उठवायचं असेल तर एक बारकावा आहे. एमआयई पूर्ण शून्य असताना डब्ल्यूएफआय कदाचित कधीच उठणार नाही, कारण उठण्यासाठी इंटरप्ट एमआयईमध्ये चालू असावा लागतो. एमस्टेटसमधला सर्वसाधारण बिट बंद असला तरी चालतं. म्हणून थांबण्याआधी त्या हार्टने एमआयईमधला सॉफ्टवेअर इंटरप्टचा बिट, म्हणजे ८ हे मूल्य, चालू करावा. उलट बाजूने, डब्ल्यूएफआयला काहीच न करणारी सूचना मानायची मुभा हार्डवेअरला आहे. त्यामुळे उठल्यावर "आता निघायचं" हा झेंडा वाचूनच पुढे जा, नसेल तर परत लूपमध्ये. हा झेंडा बीएसएसमध्ये नको, डेटा विभागात हवा. लिनक्समध्ये ज्या चलावरून कोणता हार्ट आधी बूट होणार ते ठरायचं, ते चल याच कारणासाठी मुद्दाम एसडेटा विभागात ठेवलेलं आहे. झेंडा वर करण्याआधी फेन्स सूचना टाका, म्हणजे मागचं सगळं लिखाण इतर हार्टना आधी दिसेल.

ओपनएसबीआयखाली असाल तर हे सगळं काढून टाकता येतं, आणि तेच करा. बाकीचे हार्ट फर्मवेअरमध्येच थांबलेले असतात. फर्मवेअरच्या एचएसएम (हार्ट सुरू-बंद करणाऱ्या) विस्तारातल्या हार्ट स्टार्ट कॉलला हार्टचा क्रमांक, सुरुवातीचा पत्ता आणि तुमची एक स्वतःची किंमत दिली, की तो हार्ट ए-शून्यमध्ये क्रमांक आणि ए-एकमध्ये ती किंमत घेऊन पत्त्यावर येतो, पेजिंग बंद आणि इंटरप्ट बंद अशा स्थितीत. त्या किमतीत त्याच्या स्टॅकचा पत्ता द्या. दुय्यम हार्टची एंट्री मग वेगळं छोटं लेबल होते: ट्रॅपचा पत्ता, जीपी, एसपी, कॉल. तिच्यात बीएसएसची लूप नाही.

> सावधान: सुपरवायझर मोडमध्ये "हार्ट शून्य नसेल तर थांब" ही ओळ ठेवू नका. ओपनएसबीआय बूटसाठी कोणताही हार्ट निवडू शकतो. सायफाइव्हच्या एफयू५४० चिपवर तर हार्ट शून्य हा ई५१ कोर आहे आणि त्याला सुपरवायझर मोडच नाही, म्हणजे तिथे तुमचा कर्नल दरवेळी थांबूनच राहील. एमहार्टआयडीही या मोडमधून वाचता येत नाही, बेकायदा सूचनेचा दोष येतो. जो हार्ट आला तोच बूटचा हार्ट, क्रमांक ए-शून्यमधून घ्या.

## पायरी ६: पहिलं सी फंक्शन

दोन आर्ग्युमेंट: अनसाइन्ड लाँग हार्ट, आणि डिव्हाइस ट्रीचा पॉइंटर. परत न येणारं म्हणून जाहीर करा. आतला क्रम: आधी खरा ट्रॅप हँडलर, मग युआर्ट, मग डिव्हाइस ट्रीची तपासणी, मेमरी, बाकीची उपकरणं, आणि इंटरप्ट चालू करणं सर्वांत शेवटी.

युआर्टबद्दल एवढंच: व्हर्ट मशीनवर हेक्स १००००००० ला १६५५० जातीचं युआर्ट आहे आणि नुसता बाइट लिहिला की अक्षर दिसतं. बोर्डावर बॉड रेटचा भाजक लावावा लागतो, आणि प्रत्येक बाइटआधी लाइन स्टेटस रजिस्टरचा ५ क्रमांकाचा बिट १ होईपर्यंत थांबावं लागतं. डिव्हाइस ट्रीमधले आकडे बिग-एंडियन असतात. ट्रीची ओळख पटवणारी मॅजिक संख्या बाइट न उलटवता तपासली तर ट्री ठीक असूनही "सापडली नाही" असं उत्तर येतं.

कर्नल एलपी६४ या पूर्णांकाच्या एबीआयने (फंक्शन कॉलच्या नियमांनी) आणि एफ, डी हे फ्लोटिंग पॉइंटचे विस्तार वगळून कंपाइल करा. तसं न केल्यास कंपायलर तुमच्या नकळत फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर वापरू शकतो, आणि एमस्टेटसमधला एफएस (फ्लोटिंग पॉइंट चालू करणारा भाग) बंद असल्यामुळे बेकायदा सूचनेचा दोष येतो.

## पायरी ७: बोर्डावर टाकण्याआधीची तपासणी

खालच्या प्रत्येक चाचणीत कर्नल पहिल्या सी फंक्शनपर्यंत पोहोचून ओळखीची ओळ छापतो का, ते पाहा.

- एक हार्ट, स्वच्छ मेमरी.
- एक हार्ट, बीएसएस आणि स्टॅक घाण केलेले.
- चार हार्ट, घाण केलेली मेमरी. जीडीबीत चारही हार्ट थ्रेड म्हणून दिसतात, थांबलेले तीन खरोखर लूपमध्येच आहेत का बघा.
- ऑप्टिमायझेशन बंद आणि ओ२ पातळीवर चालू, दोन्ही. क्रमाच्या चुका बहुतेक वेळा ओ२ वरच उघड्या पडतात.
- ईएलएफऐवजी सपाट बायनरी. हिच्यात बीएसएस सहसा नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या सर्वांत जवळची चाचणी हीच.
- पहिल्या सी फंक्शनमध्ये मुद्दाम एक बेकायदा सूचना टाकून ट्रॅप नेमका तोच पत्ता दाखवतो का.

बोर्डावर काहीच उमटलं नाही तर युआर्टचा कोड चाळत बसण्याआधी एंट्रीच्या पहिल्या ओळीत एखादा जीपीआयओ पिन वर करा आणि मीटर लावा. पिन हलला नाही तर दोष लोडचा पत्ता किंवा विभागांच्या क्रमात आहे, पायरी १ कडे जा. हलला, तर तीच ओळ एक-एक सूचना खाली सरकवत न्या. पिन जिथे हलायचा थांबतो, त्याच्या वरच्या सूचनेत दोष आहे.

शेवटी एंट्री फाइलच्या माथ्यावर करार लिहून ठेवा: येताना कोणता मोड, ए-शून्य आणि ए-एकमध्ये काय, किती हार्ट, जाताना कोणती रजिस्टरं भरलेली, कोणती मेमरी शून्य, इंटरप्ट बंद. पुढे कुणी नवी ओळ घालायला आलं, की ती या करारातल्या कोणत्या कलमासाठी आहे हे कमिटच्या संदेशात मागा. उत्तर नसेल तर ती ओळ सी मध्ये जाईल.